कोरड्या ओढ्याचा अर्ज

माझं लग्न झालं तेव्हा माझ्या पत्र्याच्या ट्रंकेत पाच साड्या, एक आरसा आणि शंभर पानांची एक वही होती. साड्या सासूनं उलगडून पाहिल्या, आरसा धाकट्या नणंदेनं पळवला, वहीकडे कुणी ढुंकूनही बघितलं नाही. मला त्याचं फार वाईट वाटलं, कारण माझ्या मते खरा दागिना तीच होती. तिच्यात मी शाळेत असल्यापासून सुंदर वाक्यं जमवली होती. निबंधाच्या पुस्तकांतून, दिवाळी अंकांतून, एकदा तर कुणाच्या तरी लग्नपत्रिकेवरून. प्रत्येक वाक्याला नंबर दिलेला. चंद्र एक ते नऊ, कमळ दहा ते चौदा, आणि आईची माया वेगळ्या पानावर, लाल शाईनं.

मी इंदुरीची. नदीकाठचं गाव, गावाला किल्ला, त्यामुळे आपण कुणीतरी आहोत असं लहानपणापासूनच वाटायचं. मॅट्रिक पास होऊन सासरच्या वाडीत आलेली मी पहिली सून. आता सत्तरी गाठल्यावर त्या मुलीकडे वळून बघते तेव्हा वाटतं, आज ती माझ्या दारात आली तर मी तिला आधी भांडी घासायला बसवीन आणि मग नाव विचारीन.

सासर टाकवे बुद्रुकच्या पुढं, डोंगराखालची एक वाडी. माहेरी धाडलेल्या पहिल्याच पत्रात मी लिहिलं, ‘आमचे गाव डोंगराच्या कुशीत वसले आहे.’ कसली कूस घेऊन बसलात. डोंगर आमच्याकडे पाठ करून बसलाय, आणि पावसाळ्यात पाठीवरचं सगळं पाणी आमच्या अंगावर सोडतो. ते पाणी एका ओढ्यातून जातं. ओढ्याच्या अलीकडे आमची वीस-बावीस घरं. पलीकडे भाताची खाचरं, डांबरी रस्ता, दवाखाना आणि हायस्कूल. म्हणजे राहायचं अलीकडे आणि जगायचं पलीकडे.

वहीचा पहिला प्रयोग नवऱ्यावर झाला. लग्नाला पंधरा दिवस झाले असतील. तो जेवत होता, मी वाढत होते. मी धीर करून म्हणाले, “तुमचे डोळे हरणासारखे आहेत.”

त्यानं घास संपवला. म्हणाला, “हरणावानी असतं तर मी भात राखला नसता. खाल्ला असता.”

सासूनं तोंडाला पदर लावला. ती हसते आहे हे मला तेव्हा कळलं नाही. मला वाटलं, ती भारावली.

सासूला लिहिता-वाचता येत नव्हतं. अंगठा उठवायची. पण तिच्या तोंडून जे निघायचं ते ऐकायला आता माझ्याकडे कान आहेत आणि ती नाही. आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, दिवसांत वाडीतल्या बाया ओढा ओलांडून खाचरांत जायच्या. सगळ्यांत थोरली पुढं, हातात काठी. बाकीच्या तिच्यामागं एका ओळीत. पाण्याचा आवाज इतका असायचा की लांबलचक काही सांगून उपयोग नाही. म्हणून पुढची बाई पाण्यात पाय घालायची, बघायची, आणि मागं वळून एकच शब्द ओरडायची. ताक, कढी किंवा पिठलं.

ताक म्हणजे पातळ पाणी, तळाचे धोंडे दिसतात, खुशाल चला. कढी म्हणजे पिवळसर, धोंडे दिसत नाहीत पण पायाला सापडतात, एकमेकींचे हात धरा. आणि पिठलं म्हणजे घट्ट, तपकिरी, वरून संथ दिसणारं आणि खालून रटरटणारं. पिठलं ऐकलं की ओळ आहे तिथून मागं फिरायची. कुणी विचारायचं नाही, कुणी वाद घालायचा नाही. माझी सासू बरीच वर्षं त्या ओळीच्या पुढं होती. तिच्या ओळीतली एकही बाई वाहून गेली नाही.

आणि माझी वही काय म्हणत होती? ‘ओढा जणू अवखळ बालिका.’ हे वाक्य मी आदल्याच दिवशी सासूला मोठ्यानं वाचून दाखवलं होतं. दुसऱ्या दिवशी ती पुढून ओरडली, “पिठलं!” आणि सगळ्या फिरल्या. मी एकटी म्हणाले, “आत्याबाई, पाणी नुसतं गढूळ आहे,” आणि शिकलेलं पाऊल पुढं टाकलं. पुढचं मला नीट आठवत नाही. पाय कुणीतरी खालून ओढल्यासारखा गेला, डोक्यावरची भाकरीची पाटी गेली, उजव्या पायातली चप्पल गेली, आणि मी राहिले ती सासूनं अंबाडा धरला म्हणून. काठावर आणून तिनं मला टेकवलं, स्वतःचा श्वास जागेवर आणला आणि म्हणाली, “लय ताकदीची हाय गं तुजी बालिका.”

एवढ्यावर मी शहाणी झाले असेन असं कुणाला वाटत असेल, तर त्याला मॅट्रिक पास झालेली मुलगी माहीत नाही.

लग्नानंतरच्या दुसऱ्या उन्हाळ्यातली गोष्ट. वाडीला तेव्हा विहीर नव्हती. डोंगराच्या अंगाला एक झरा, त्यावर सगळी घरं. चैत्रात त्याची धार इतकी बारीक व्हायची की बायका पहाटेपासून कळश्या रांगेत लावून बसायच्या. विहिरीसाठी तालुक्याला अर्ज करायचा ठरलं, आणि वाडीतली चार वडीलधारी माणसं आमच्या ओसरीवर आली. “सूनबाई शिकलेल्या हायेत, त्यांनी लिवावं.” मी आतून अशी बाहेर आले की जणू मला पालखी पाठवली होती.

अर्जाची सुरुवात अशी होती: ‘आमच्या वाडीस निसर्गदेवतेचे वरदान लाभले असून येथील झऱ्याचे जल अमृतासमान मधुर, स्फटिकासारखे निर्मळ व अखंड झुळझुळ वाहणारे आहे.’ अडचण मी दुसऱ्या पानावर लिहिली होती. आधी वातावरणनिर्मिती करायची, असं गुरुजींनी शिकवलं होतं. वाचून दाखवलं तेव्हा ओसरी गप्प झाली. मला वाटलं, जिंकलं.

दोन महिन्यांनी उत्तर आलं. आपल्या वाडीस बारमाही शुद्ध पाण्याचा झरा उपलब्ध असल्याचे आपल्याच अर्जावरून दिसते, सबब ज्या गावांस सोय नाही त्यांचा विचार आधी करण्यात येईल. साहेबाची काय चूक? त्यानं मी लिहिलं तेच वाचलं होतं.

विहीर व्हायला आणखी तीन उन्हाळे गेले, आणि ती झाली शेजारच्या वस्तीवरच्या मास्तरांनी लिहिलेल्या चार ओळींवर. ते तीन उन्हाळे वाडीतल्या बाया त्या धारेखाली ताटकळल्या. मला तोंडावर कुणी बोललं नाही. सासू तेवढी रोज पहाटे कळशी हातात देताना म्हणायची, “जा बये, अमृत आन.”

एकदा रांगेत बसल्या बसल्या मी तिला विचारलं, “आत्याबाई, तुमी असता तर काय लिवलं असतं?”

तिनं धारेकडं बघितलं. म्हणाली, “सुईत ववता यील येवडी धार हाय. कळशी भरंपत्तोर तान्हं पोर पिऊन, झोपून, परत उटतं. आनि काय लिवायचं?”

वहीची पानं मी त्या वर्षी लोणच्याच्या बरण्यांवर बांधली. चंद्र आणि कमळं तिथं उपयोगी पडली. वाडीचा अर्ज मी त्यानंतर लिहिला नाही, आणि मला कुणी लिहायला सांगितलंही नाही.

पुढं मी अंगणवाडीत लागले आणि तिथं पोरांनी मला उरलेलं शिकवलं. चार वर्षांच्या पोराला ‘प्रचंड’ म्हणून काही कळत नाही. त्याला हत्ती दाखवायचा तर त्याच्याच अंगणातून काढावा लागतो. मी म्हणायचे, “हत्ती आपल्या भाताच्या उडवीएवढा.” खळ्यावर रचलेली भाताची उडवी त्यानं पाहिलेली असते. एकानं लगेच विचारलं, “मंग त्याला झोडपत्यात का?” त्या दिवशी घरी येऊन मी एकटीच हसत बसले. माझ्या बोलण्यानं कुणाच्या तरी डोळ्यांपुढं काहीतरी उभं राहिलं होतं. झोडपण्याइतकं खरं.

आता अलीकडचं सांगते.

आमच्या ओढ्यावर वाडीतल्या लोकांनी सिमेंटचे दोन विजेचे खांब आडवे टाकून वाट केली होती. गेल्या पावसाळ्यात ते खांब गेले. त्यानंतर महिनाभर शाळेची पोरं घरी. माझी नात तेव्हा नववीत होती. सुनेनं दिवाळीतच जाहीर करून टाकलं, “पुढच्या वर्षी दहावी हाय. साकव झाला तर झाला. न्हाई तर जूनपास्नं ही लोणावळ्याला मामाकडं.”

साकव म्हणजे पायी जाण्यापुरता लहान पूल. तो आम्ही आधीही मागितला होता. दोनदा साहेब येऊनही गेले होते. पण गंमत बघा. पावसाळ्यात साहेबाला वाडीत येता येत नाही, कारण साकव नाही. उन्हाळ्यात येता येतं, तर साकवाची गरज दिसत नाही. मागच्या साहेबांनी भर ओढ्यात गाडी उभी केली, खाली उतरले आणि म्हणाले, “इथं पूल कशाला? गाडी येते की.”

सून बोलली त्या रात्री नात जेवली नाही. मी जवळ गेले तर म्हणाली, “आजी, माझा मामा आहे लोणावळ्यात. बाकीच्या पोरींचा कुठे आहे?”

वाडीत त्या वर्षी दहावीला जाणाऱ्या तीन पोरी होत्या. ही गेली असती. त्या दोघी घरी बसल्या असत्या, आणि पोरी एकदा घरी बसल्या की पुढं त्यांचं काय होतं ते मी अंगणवाडीच्या रजिस्टरात तीस वर्षं लिहीत आले होते. कालची दहावीची पोर दोन वर्षांनी गरोदर माता म्हणून नोंदवायची.

दुसऱ्या दिवशी नात फोन घेऊन आली. “आजी, नवा अर्ज केलाय. ऐक.” आणि वाचायला लागली, “आमची वाडी निसर्गरम्य डोंगररांगांच्या कुशीत वसलेली असून, तिच्या शेजारून खळाळणारा ओढा जणू चांदीच्या पैंजणांचा नाद करत वाहतो...”

“थांब. हे कुणी लिहिलं?”

“फोननं.”

“फोन कुठल्या गावचा?”

“म्हणजे?”

“पैंजण घातलेला ओढा म्हणतोय. हे वाचून साहेब पूल बांधील का जेवणाचा डबा घेऊन सहलीला येईल?”

मग मी तिला अमृताची गोष्ट सांगितली. आजवर घरात ती कुणी काढत नसे. ती आधी तोंड दाबून हसली, मग उघड हसली, मग उचकी लागली. पाणी पिऊन म्हणाली, “म्हणजे तुझ्यामुळं वाडीला तीन वर्षं विहीर मिळाली नाही?”

“व्हय.”

“मग आता हा तूच लिही.”

मी टाळाटाळ करून बघितली. डोळ्यांचं कारण सांगितलं, गुडघ्याचं सांगितलं. ती म्हणाली, अर्ज गुडघ्यानं लिहीत नाहीत. तिचं हे बोलणं माझ्यावर गेलंय, असं माझी सून सारखं म्हणते. कौतुकानं म्हणत नाही.

मी तिला म्हटलं, फोटो जोडू. तिच्या फोनमध्ये गेल्या वर्षीच्या पुराचा व्हिडिओही होता. पण त्यात ओढा करंगळीएवढा दिसत होता, आणि फोटोची झेरॉक्स काढली तर पाण्याच्या जागी चक्क डांबरी रस्ता दिसायला लागला. म्हणजे हिवाळ्यात खुर्चीवर बसलेल्या माणसाला जुलैचं पाणी शब्दांनीच दाखवायचं होतं.

आम्ही दोघी घरोघरी फिरलो. नात वही घेऊन, मी तोंड घेऊन. “गेल्या वर्षी पानी किती व्हतं?” असं विचारलं की सगळे म्हणायचे, “लय व्हतं.” मग मी विचारायचे, “कशावानी?” आणि माणसं थांबायची, आढ्याकडं बघायची, आणि मग खरं बोलायची. एक आबा म्हणाले, “डंपर खडी वततो न्हव का, तसा आवाज. रातभर खडी वततच व्हता. मांडनीवरचं पितळंचं तांबं वाजत व्हतं.” नातीनं ते लिहिताना मान वर केली. म्हणाली, “आजी, हे भारी आहे.” मी म्हटलं, भारी नाही, खरं आहे. धोंडे तळाशी आपटतात त्याचा तो आवाज.

शेजारणीनं सांगितलं, उंबराच्या फांदीला साडीची चिंधी अजून अडकलीय, पुरानं आणलेली. आम्ही जाऊन बघितलं. नात हात वर करून उभी राहिली तरी चिंधी हातभर वर होती. मी म्हटलं, हिला काही नटवायचं नाही. आहे तशी लिही.

घोळ झाला तो पिठल्यावर. मला ताक, कढी, पिठलं अर्जात हवंच होतं. नात म्हणाली, “आजी, तो साहेब आहे. त्यानं आयुष्यात पिठलं ढवळलं नसेल. त्याला काय कळणार घट्ट म्हणजे किती?” मी चिडले. माझ्या सासूची आयुष्यभराची विद्या ही पोर काढून टाकायला निघाली होती. दोन दिवस आम्ही एकमेकींशी फक्त मिठापुरतं बोललो.

तिसऱ्या दिवशी आम्ही लोणावळ्याला गेलो. मामाची खोलीही बघायची होती आणि अर्जही टाईप करून आणायचा होता. मामाची खोली चांगली आहे, मामीही जीव लावणारी आहे. पण नातीनं खिडकी उघडली तर समोर दोन हातांवर दुसऱ्याची भिंत. तिनं ती परत लावून घेतली.

बाजारात चिक्कीच्या दुकानापाशी थंडीचं धुकं उतरलं होतं. एक पुण्याची बाई फोनवर कुणाला तरी सांगत होती, “अगं, अगदी स्वित्झर्लंडसारखं वाटतंय.”

मला राहवलं नाही. मी विचारलं, “बाई, तिकडं पण चिक्की मिळती का हो?”

ती हसून म्हणाली, “मी गेले नाही हो अजून.”

नातीनं माझा दंड धरून मला पुढं ओढलं. पण वळणावर तीच थांबली. एका बंगल्याचा स्लॅब चालू होता. मिक्सरमधून काँक्रीट घमेल्यात पडत होतं. राखाडी, जड, आत खडी लपलेली, वरून गुळगुळीत आणि खाली सगळं ओढून नेणारं. ती बघतच राहिली. मग म्हणाली, “आजी, हे बघ साहेबाचं पिठलं.”

मी त्या मिक्सरकडं बघितलं आणि नातीकडं बघितलं. मला वाईट वाटायला हवं होतं, माझं पिठलं गेलं म्हणून. पण मला इतका अभिमान वाटला की मी तिथंच रस्त्यात तिच्या गालावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. ती म्हणाली, “आजी, लोक बघतायत.” बघू देत. माणसाला काही दाखवायचं तर त्याच्या घरातली वस्तू घेऊन दाखवायची, हे मला उडवीएवढ्या हत्तीनं शिकवलं होतं, आणि अर्ज लिहिताना मीच विसरले होते. पंधरा वर्षांच्या पोरीनं ते एका मिक्सरपुढं उभं राहून उचललं होतं. तिच्या वयात मी कमळांना नंबर देत होते.

टाईप करणारा मुलगा दोन ओळी वाचून थबकला. “आजी, अर्जात असं लिहीत नाहीत.”

“मग कसं लिवतात?”

“‘उपरोक्त विषयास अनुसरून’ वगैरे.”

“ते वर घाल, टोपीसारखं. खाली माझं राहू दे.”

खालचं असं होतं:

‘साहेब, आपण याल तेव्हा आमचा ओढा घासून पालथ्या घातलेल्या परातीसारखा कोरडा दिसेल. त्यावर जाऊ नये. श्रावणात हेच पाणी मिक्सरमधून पडणाऱ्या काँक्रीटसारखे येते. घट्ट असते व त्यात धोंडे असतात. ते रात्रभर डंपरने खडी ओतल्यासारखे वाजते व घरातले तांबे मांडणीवर हलतात. आम्ही विजेचे दोन खांब आडवे टाकले होते. जेवताना आपण भाजीतली मिरची बोटाने बाजूला काढतो, तसे पाण्याने ते काढून ठेवले. खांब पाऊण मैल खाली पडलेले आहेत, दाखवू. उंबराच्या फांदीला पुराची चिंधी आहे, ती पाहण्यास आपणास मान वर करावी लागेल. पलीकडे हायस्कूल आहे. अलीकडे दहावीला जाणाऱ्या तीन मुली आहेत.’

मिरची माझी. ती कुणाकडून घेतलेली नाही, हे इथं नोंदवून ठेवते.

संक्रांतीनंतर साहेब आले. नवेच होते, तरुण, पायात चांगले बूट. सरपंचबाई, वाडीतली माणसं, सगळे ओढ्यात जमलो. सून घराच्या दारातून बघत होती. यायला तयार नव्हती. म्हणाली, “दोनदा बघितलंय मी, सायेब हितं येऊन हसून जात्यात.” तिनं आदल्या दिवशीच नातीची जुनी पुस्तकं पोत्यात भरायला घेतली होती.

साहेबांनी खिशातून आमचा अर्ज काढला. मला वाटलं, बाजूला ठेवतील आणि टेप काढतील. त्यांनी अर्ज उघडला आणि तिथंच कोरड्या गोट्यांवर उभं राहून परत वाचला, मधूनमधून ओढ्याकडं बघत. मग विचारलं, “उंबर कुठला?”

नातीनं दाखवला. ते त्याच्याखाली गेले आणि मान वर केली. बराच वेळ तशीच ठेवली. चिंधी हलत होती. मग त्यांनी फांदीपासून खाली ओढ्याच्या तळापर्यंत नजर आणली, हळूहळू, जशी आपण माप घेताना आणतो. मला कळलं, त्यांना पाणी दिसलं.

“काँक्रीटसारखं म्हणजे,” त्यांनी विचारलं, “किती घट्ट?”

मी म्हणाले, “चांगल्या ठेकेदाराच्या काँक्रीटवानी, सायेब. वाईटाचं असतं तर पोरं पव्हून गेली असती.”

सरपंचबाईंनी माझ्याकडं डोळे मोठे केले. साहेब मात्र हसले, आणि हसता हसता त्यांनी टेप काढला. “धरा मावशी, हे टोक धरा,” म्हणून पलीकडे चालत गेले. मी टोक धरलं. आयुष्यात पुष्कळ गोष्टी धरल्यात, पण ते टोक मी असं धरलं की साहेबांना शेवटी सांगावं लागलं, “मावशी, आता सोडा.”

जाताना त्यांनी विचारलं, “हा अर्ज लिहिला कुणी?”

मी पदर सारखा केला. तेवढ्यात नात म्हणाली, “आजीनं.” मी म्हणाले, “काँक्रीट हिचं.” ते म्हणाले, “मग तेच मजबूत झालंय.” त्यांच्या वहीत त्यांनी काय लिहिलं ते मला माहीत नाही. पण तिथंच उभं राहून लिहिलं, ऑफिसात जाऊन नाही.

साकव फाल्गुनात मंजूर झाला आणि उन्हाळ्यात झाला. काम चालू असताना मी रोज तिथं जाऊन बसायचे आणि कामगारांना सल्ले द्यायचे. त्यांनी मला एक छत्री आणून दिली. मला वाटलं, मान दिला. नंतर कळलं, मला सावलीत बसवून लांब ठेवायला दिली होती.

जूनच्या पहिल्या आठवड्यात सुनेनं भावाला फोन लावला. मी चुलीपाशी होते, नात दारात. सून म्हणाली, “न्हाई रे दादा, येत न्हाई ती. हितंच हाय शाळा तिची.” पलीकडून तो काहीतरी म्हणाला असावा. सून हळू आवाजात म्हणाली, “आमच्या आत्यांनी अर्ज लिवलाय.” तिनं माझ्याकडं बघितलं नाही, पण फोन ठेवल्यावर पोतं उघडून पुस्तकं एकेक करून फळीवर परत लावली.

आता त्या तिघी रोज साकवावरून जातात. दप्तरं पाठीवर, चपला पायात. मी काठाच्या पायरीवर बसते. येणारे-जाणारे पाहुणे, बंगलेवाले, कधी फिरायला आलेली माणसं साकवावर थांबून खाली बघतात. अर्ज मी लिहिला, असं मी आपण होऊन कुणाला सांगत नाही. एवढंच म्हणते, “चांगला झालाय न्हाई साकव?” आणि गप्प बसते. मग ते विचारतात, “कसा काय मंजूर झाला हो, आजी?” तेव्हा मी सरकून त्यांना बसायला जागा करून देते.